उभ्या उभ्या झोप लागते का? आमच्या घरात वाद पेटलाय

कांदेबाग_रावेर | ४ डिसेंबर, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. प्रश्न ऐकून काहींना हसू येईल, पण मला खरंच उत्तर हवंय.

आमचे हे केळीच्या वजनकाट्यावर मुकादम आहेत. सध्या कटाई जोरात आहे. दिवसा बागेत घड उतरवायचे, संध्याकाळी वजन, मग ट्रक भरता भरता रात्रीचे दोन-तीन वाजतात. तिथून मोटरसायकलवर अकरा किलोमीटर घरी. सकाळी सातला फोन परत सुरू. मी म्हणते, अहो, तीन तासांच्या झोपेवर माणूस किती दिवस काढेल? तर म्हणतात, "मी तिथंच झोप काढून घेतो. गाडीच्या फाळक्याला टेकलं की उभ्या उभ्या तास-दीड तास होतो."

खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. शर्ट मीच धुते. उजव्या खांद्यामागं केळीच्या चिकाचा काळा डाग रोज त्याच जागी असतो. केळीचा चीक कपड्यावरून निघत नाही हे इथल्या बायकांना सांगायला नको. म्हणजे टेकतात हे नक्की.

सासूबाई त्यांच्याच बाजूनं. म्हणतात, तुझे सासरे रात्र रात्र रानात उभ्यानं झोपायचे, काही झालं नाही त्यांना.

तर माणूस उभ्यानं झोपू शकतो का? आणि झोपलाच, तर ती झोप अंगी लागते का?

गिरणाकाठचा | ४ डिसेंबर, रात्री १०:०४

झोपतो की. शाळेत आमच्या पुढच्या रांगेतला एक जण रोज प्रार्थनेत झोपायचा. प्रतिज्ञेला ओठ बरोबर हलायचे, डोळे मात्र मिटलेले.

भुसावळ_यार्ड | ४ डिसेंबर, रात्री १०:२०

ताई, शंभर टक्के झोपू शकतो. १९९४ साली नोकरीच्या मुलाखतीसाठी मी भुसावळहून दादरला जनरल डब्यात गेलो होतो. पाय ठेवायला जागा नव्हती. एक हात वरच्या बर्थच्या साखळीत, पिशवी दोन पायांच्या मध्ये, आणि त्या अवस्थेत मी झोपलो. नुसती डुलकी नव्हे, झोप. मनमाडला कुणीतरी पायावर पाय दिला तेव्हा जाग आली, नाशिकरोडला थोडी गर्दी हलली तेव्हा आली, इगतपुरीला चहावाल्याच्या आवाजानं आली. बाकी सगळा वेळ झोप. सकाळी मुलाखत दिली आणि नोकरी लागली. आता सांगा.

माहेर_अमळनेर | ४ डिसेंबर, रात्री १०:३१

मन्हा बाप मिलमा रातपाळीले व्हता. तो म्हने, "उभा उभा झोप लागस, पन पाय नई मानतस." खांबाले पाठ लाई उभा ऱ्हाये. गुडघा वाकना का जागा व्हई जाये.

फिजिओ_जळगाव | ४ डिसेंबर, रात्री ११:१५

अमळनेरच्या भाऊंच्या वडिलांनी एका ओळीत सांगितलं तेच मी जरा सविस्तर लिहिते. रोज गुडघे आणि पाठी बघणं हेच माझं काम.

उभं राहणं म्हणजे शरीराला आराम नाही. आपण स्थिर उभे आहोत असं वाटतं तेव्हाही घोट्याभोवती थोडं पुढं-मागं डोलत असतो. पुढं झुकलो की पोटरी खेचून धरते. डोळे मिटून एका पायावर उभं राहून बघा, तळव्यात आणि घोट्यात केवढी धावपळ चाललेली असते ते लगेच कळेल. हे सगळं मेंदू आपल्या नकळत सांभाळतो, पण त्यासाठी त्याला जागं राहावं लागतं. आपला गुडघा सरळ ताणला की थोडा अडकतो हे खरं, पण घोट्याला तशी सोय नाही.

आता झोप. ती एकसलग नसते. आधी हलकी डुलकी, मग जरा स्थिर झोप, मग गाढ झोप, आणि त्यानंतर स्वप्नांची झोप. एक फेरी साधारण ९० मिनिटांची, रात्रीत अशा चार-पाच होतात. स्वप्नांच्या झोपेत डोळे पापण्यांखाली भराभर हलतात. शिकागो विद्यापीठात ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ साली ही गोष्ट जगापुढं मांडली. या टप्प्यात मेंदू हातापायांचे, मानेचे, पाठीचे स्नायू जवळजवळ पूर्ण सैल सोडतो. डोळे हलतात, श्वासाचा पडदा चालतो, बाकी माणूस ओल्या कपड्यासारखा. म्हणूनच स्वप्नात आपण पळतो आणि अंथरुणात मात्र जागेवर असतो.

म्हणजे टेकायला काही असेल तर पहिला टप्पा उभ्यानं येतो, क्वचित दुसराही. त्याच्या पुढं जायचं तर कुणीतरी सगळ्या बाजूंनी धरून ठेवायला हवं. शरीर ताजं करणारी गाढ झोप, आणि डोकं ताळ्यावर आणणारी स्वप्नांची झोप, या दोन्ही उभ्यानं मिळत नाहीत.

यार्डभाऊ, तुम्हाला सगळ्या बाजूंनी धरून ठेवायला डबाभर माणसं होती. आणि मनमाड, नाशिकरोड, इगतपुरी तिन्ही तुम्हाला आजही आठवतात, म्हणजे मधली झोप तुकड्यातुकड्यांची होती.

भुसावळ_यार्ड | ४ डिसेंबर, रात्री ११:४०

डॉक्टरताई, तुकडे असतील. पण चाळीसगाव कधी गेलं ते मला आजतागायत माहीत नाही. झोपेशिवाय चाळीसगाव जाणार नाही.

शहाद्याचा_पशुवैद्य | ५ डिसेंबर, सकाळी ७:०५

सकाळी सकाळी माझ्या आवडीचा विषय दिसला. दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा तोंडावर आली आहे, त्यामुळे डोक्यात घोडेच आहेत.

घोडा उभ्यानं झोपतो, हे सगळ्यांना माहीत असतं. कसा, ते थोड्यांना माहीत असतं. त्याच्या मागच्या पायात गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर नेऊन अडकवता येते. कडी लावल्यासारखी. मग त्या पायावर फार जोर न लावता वजन पेलता येतं. म्हणून विश्रांतीला उभा असलेला घोडा बघा, एक मागचा पाय ताठ आणि दुसरा खुराच्या टोकावर ढिला टेकवलेला असतो. थोड्या वेळानं पाय बदलतो. पुढच्या पायांना शिरा आणि बंधांची वेगळी रचना आधार देते.

पण पुढची गोष्ट महत्त्वाची. इतकी सोय असूनही घोड्याला स्वप्नांची झोप उभ्यानं घेता येत नाही. त्यासाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. दिवसाकाठी अर्धा-एक तास पुरतो, पण तो लागतोच. जागा अनोळखी असेल, जमीन वाईट असेल, सांधे दुखत असतील, तर काही घोडे कित्येक दिवस आडवे होत नाहीत. मग एके दिवशी उभ्या उभ्या डोळा लागतो, पुढचे पाय दुमडतात आणि घोडा गुडघ्यांवर येतो. दचकून उठतो, परत तेच. अशा घोड्याच्या पुढच्या पायांवर, खुराच्या वरच्या सांध्याच्या समोरच्या बाजूला, घासल्याच्या जखमा दिसतात. यात्रेत घोडा घेणाऱ्यांना मी दरवर्षी सांगतो, दात बघता, चाल बघता, तशी ही जागाही बघा.

रावेरच्या ताई, मिस्टरांच्या गुडघ्यांवर, तळहातांवर खरचटल्याच्या खुणा आहेत का? मनापासून विचारतोय.

गाय-म्हैस उभ्यानं रवंथ करता करता पेंगते, पण खरी झोप घ्यायला बसतेच.

कॉलेजकट्टा_धुळे | ५ डिसेंबर, सकाळी ८:३०

हत्तीचं राहिलं. २०१७ मध्ये बोट्स्वानातल्या दोन जंगली हत्तिणींवर यंत्रं लावून अभ्यास झाला होता. दिवसाला सरासरी दोनच तास झोप, तीही बहुतेक उभ्यानं. आडव्या व्हायच्या त्या तीन-चार दिवसांतून एकदा.

आणि अंतराळवीर! ते झोपेची पिशवी भिंतीला बांधून तिच्यात झोपतात. फोटोत उभेच दिसतात. तिथं वजनच जाणवत नाही, त्यामुळे उभं काय, आडवं काय, सारखंच.

गिरणाकाठचा | ५ डिसेंबर, सकाळी ८:४२

म्हणजे ताईंच्या मिस्टरांना एकतर हत्ती व्हायला हवं, नाहीतर आकाशात जायला हवं. काट्यावर काही जमणार नाही.

सुभेदार_पारोळा | ५ डिसेंबर, दुपारी १:१०

फौजेत २४ वर्षं काढली. पहाऱ्यावर झोपणं हा लष्करी कायद्यात गुन्हा आहे, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी कधीच हलका नव्हता.

रात्री दोन ते चारची पाळी सगळ्यात वाईट. थंडी असते, समोर काही हलत नसतं. त्या वेळी डोळे उघडे ठेवून झोप येते, हे मी स्वतः अनुभवलंय. समोरचं झाड दिसत असतं आणि तरी आपण तिथं नसतो. मग मान गचकते, छातीत धस्स होतं आणि कळतं की दोन-चार सेकंद गेली. ती दोन-चार सेकंद कुठं गेली ते सांगता येत नाही. एकदा माझं हेल्मेट मागच्या भिंतीवर आपटलं आणि त्या आवाजानं मीच "थांब, कोण आहे?" म्हणून ओरडलो. त्या रात्रीनंतर मी पाळीवर कधी भिंतीला टेकलो नाही. टेकलं की झोप आलीच.

दुसरं. परेडमध्ये पोरं उभ्या उभ्या कोसळतात त्याला लोक झोप समजतात. ती झोप नाही, घेरी. गुडघे ताठ ठेवून तासभर स्थिर उभं राहिलं की रक्त पायांत उतरून राहतं आणि डोक्याला कमी पडतं. पोटरी हलली की ती रक्त वर ढकलते. म्हणून आमचे उस्ताद सांगायचे, बुटाच्या आत बोटं हलवत राहा, बाहेरून कुणाला दिसत नाही.

ताई, काट्यावरच्या झोपेपेक्षा त्यानंतरच्या अकरा किलोमीटरची काळजी करा. मोटरसायकल चाळीसच्या वेगानं असली तरी सेकंदाला अकरा मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला की तेहेतीस मीटर गाडी एकटीच चालली. समोर बिनदिव्याची ट्रॉली उभी असेल तर?

वारकरी_मुक्ताईनगर | ५ डिसेंबर, दुपारी ३:२५

सुभेदारसाहेबांनी टेकण्याचं म्हटलं म्हणून लिहितो. मुक्ताईच्या पालखीबरोबर कोथळीहून पंढरपूरला पायी जातो. वाटेत चालता चालता पेंगलेली माणसं पाहिली आहेत. शेजारचा दंडाला धरतो आणि पावली चालू राहते.

पण मला सांगायचंय ते पंढरपूरचं. विठोबा विटेवर उभा, हे लहान लेकरालाही माहीत. एरवी रात्री शेजारती होते आणि देव झोपतो. आषाढीच्या आधी मात्र देवाचा पलंग काढतात. दर्शन चोवीस तास सुरू, म्हणजे देव चोवीस तास उभा. तेव्हा देवाच्या पाठीशी लोड देतात आणि रुक्मिणीमातेच्या पाठीशी तक्क्या. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाचा शिणवटा काढतात आणि पलंग परत मांडतात.

पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. देव उभा राहून थकतो, त्याची पाठ दुखते, हे कुणाच्या तरी मनात आलं असेल ना! ताई, तुमच्या यजमानांना फाळका पुरतो असं नाही. त्यांना पलंग परत मांडून हवाय.

फिजिओ_जळगाव | ५ डिसेंबर, दुपारी ४:००

माऊली, हे फार सुंदर लिहिलंत.

नाशिककडचे_मामा | ५ डिसेंबर, संध्याकाळी ६:१८

२०१५ च्या कुंभात त्र्यंबकेश्वरला खडेश्वरी साधू पाहिले होते. वर्षानुवर्षं बसायचं नाही, आडवं व्हायचं नाही असा नेम. समोर दोरानं टांगलेला झोपाळा, त्याच्या फळीवर उशी. त्यावर छाती आणि हात टाकून झोपतात. एकाचे पाय मी जवळून पाहिले, घोट्यापासून सुजून खांबासारखे झालेले, कातडी काळी पडलेली. माणूस उभ्यानं राहू शकतो, पण पाय त्याची किंमत मोजतात.

कॉलेजकट्टा_धुळे | ५ डिसेंबर, संध्याकाळी ७:०२

एक सोपी परीक्षा सुचवतो. भिंतीला टेकून उभं राहायचं, हातात स्टीलचा पेला धरायचा. खरी झोप लागली की बोटं सुटतात आणि पेला पडतो. किती वेळानं पडला ते घड्याळावर बघायचं. पेला हातात ठेवून तास-दीड तास झोपले, तर सासूबाई जिंकल्या.

फिजिओ_जळगाव | ५ डिसेंबर, संध्याकाळी ७:२०

करा, पण खाली गाद्या टाका, दोन्ही बाजूंना एकेक माणूस उभा करा, आणि ओट्याजवळ नको. आणखी एक गोष्ट. डुलकीतून जाग्या झालेल्या माणसाला विचारलं तर तो बऱ्याचदा "मी झोपलोच नव्हतो" म्हणतो. उलटही होतं. दहा-वीस तुटक डुलक्या मिळून "तास झाला" असं वाटतं. दोन्हीत माणूस खोटं बोलत नसतो.

आणि ताई, ते मोठ्यानं घोरतात का? घोरता घोरता श्वास अडकल्यासारखा होतो का? पुरेशी झोप मिळूनही माणूस कुठंही, उभ्यानंसुद्धा पेंगत असेल तर ते कौतुकाचं नसतं. झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो, त्याची तपासणी होते आणि उपचारही आहेत. तुमच्याकडे तरी झोपच कमी पडतेय असं दिसतं.

माहेर_अमळनेर | ५ डिसेंबर, रात्री ८:१५

कानबाई देवीना जागरनले मन्ही माय फुगडी खेयता खेयता झोपे. हात सोडा का जागी व्हये!

शहाद्याचा_पशुवैद्य | ५ डिसेंबर, रात्री ८:३०

यात्रेला कोण कोण येतंय? शहादा बाजूनं येणाऱ्यांनी कळवा, भरीत-भाकरीची सोय माझ्याकडे.

भुसावळ_यार्ड | ५ डिसेंबर, रात्री ८:३४

मी येतो. बसायला जागा असलेल्या गाडीनं.

कांदेबाग_रावेर | ७ डिसेंबर, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस घरात याच धाग्याचं वाचन चाललं होतं. सासूबाईंना मी वारकरी दादांचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला. त्या ऐकताना काही बोलल्या नाहीत.

काल शनिवार, गाडी नव्हती. रात्री अकराला परीक्षा घेतली. मधल्या खोलीत भिंतीशी दोन गाद्या, एका बाजूला धाकटे दीर, दुसऱ्या बाजूला मी. हातात चहाचा स्टीलचा पेला. दिवा बारीक केला. हे म्हणाले, आता दीड तास कुणी बोलायचं नाही.

सहाव्या मिनिटाला मान खाली आली. सातव्या मिनिटाला बोटं एकेक करून सुटली, करंगळी आधी, आणि पेला गादीवर पडला. आवाज झालाच नाही, म्हणून जाग आली नाही. मग गुडघे वाकले आणि पाठ भिंतीवरून खाली घसरू लागली. दिरांनी काखेत धरलं. डोळे उघडून पहिलं वाक्य, "मी जागाच होतो." पेला कुठाय म्हटल्यावर हाताकडे बघत राहिले. दुसऱ्यांदा केलं तेव्हा चार मिनिटंच लागली.

पशुवैद्य दादा, तुम्ही विचारलंत म्हणून मी पँट वर करून गुडघे बघितले. डाव्या गुडघ्यावर जुनी खपली आहे. म्हणे ट्रकच्या पायरीवर लागलं. मला आता तसं वाटत नाही. पण मी काही बोलले नाही. तेही गप्प झाले.

घोरत नाहीत, फिजिओताई.

आणि सासूबाईंचं. सकाळी भाकरी थापताना स्वतःहून म्हणाल्या, "तुझे सासरे रात्रीचं पाणी भरायचे तेव्हा विहिरीजवळच्या निंबाला उपरण्यानं कंबर बांधून घ्यायचे. खाली सापा-विंचवाची भीती. तसेच लटकून डोळे मिटायचे. सारा भरला की पाणी पायाला लागायचं, मग जाग." मी विचारलं, आणि घरी आल्यावर? तर म्हणाल्या, "घरी आले की दुपारपर्यंत आडवे. त्या वेळी घरात भांडं वाजलेलं चालायचं नाही." म्हणजे ही अर्धी गोष्ट इतकी वर्षं कुणी सांगितलीच नव्हती.

सुभेदार_पारोळा | ७ डिसेंबर, रात्री ९:५१

ताई, शाबास. आता पुढं काय ठरवलंत?

कांदेबाग_रावेर | ७ डिसेंबर, रात्री १०:१०

काट्याच्या शेडमध्ये आमची जुनी बाज नेऊन टाकायची. वजन संपून गाडी भरायला लागते त्या मधल्या वेळात अर्धा तास आडवं व्हायचं, तेवढा वेळ वहीवर दुसरा मुलगा बसेल. आणि तीन वाजले तर घरी यायचंच नाही, तिथंच झोपून उजेडात निघायचं. हे त्यांनीच सुचवलं. मला रात्री फोन करून कळवायचं, एवढंच मी मागितलं. बाजेची सुतळी सैल पडली आहे, ती उद्या दीर ओढून देणार आहेत. शेडमध्ये डास फार, मच्छरदाणी कशाला बांधायची ते बघावं लागेल.

गिरणाकाठचा | ७ डिसेंबर, रात्री १०:१५

केळीला टेकू द्यायचे बांबू असतीलच की तिथं. चार कोपऱ्यांना चार बांधा.

कांदेबाग_रावेर | ७ डिसेंबर, रात्री १०:१८

अरे हो! बांबू आहेत. बांधते.